सायप्रस: समुद्राला चार रात्री, गावाला तीन

सायप्रसला सुट्टीवर जाणारी बरीच मंडळी सगळे दिवस किनाऱ्यावरच्या एकाच हॉटेलात राहतात आणि डोंगरातलं एखादं गाव सहलीच्या बसमधून उतरून दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान उरकतात. त्या वेळी गावकरी जेवून आडवे झालेले असतात आणि चौकात फक्त दुकानदार जागे असतात. ‘गावं फार बाजारी झालीत’ ही परत आल्यावरची तक्रार त्यातूनच येते. सात रात्री हातात असतील तर चार समुद्राजवळ आणि तीन गावात काढा. बेट लहान आहे, रस्ते चांगले आहेत. लार्नाका ते पाफोस दीड तास, लिमासोलच्या किनाऱ्यावरून डोंगरातलं ओमोदोस पाऊण तास. मुक्काम हलवण्यात जाते ती फार तर एक सकाळ.

कधी जायचं

एप्रिलअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, असे दोन काळ उत्तम. मे महिन्यात डोंगर हिरवे असतात, पण पाणी अजून गारच, २० ते २२ अंशांच्या आसपास. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलट: डोंगर करपलेले, समुद्र मात्र उन्हाळाभर तापून छान कोमट. पोहणं महत्त्वाचं असेल तर ऑक्टोबर, चालणं महत्त्वाचं असेल तर मे. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी शाळेच्या सुट्टीत हे सहज जमतं. दिवाळी नोव्हेंबरात गेली तर दोन गोष्टी लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या आत सूर्य बुडतो. शिवाय पूर्व किनाऱ्यावरच्या आया नापा आणि प्रोतारासमधली बरीच हॉटेलं नोव्हेंबरपासून कुलूप लावतात. तेव्हा समुद्राचा मुक्काम लार्नाका किंवा पाफोसला ठेवा, ती वर्षभर जागी असलेली शहरं आहेत.

जुलै-ऑगस्ट टाळलेला बरा. राजधानी निकोसियात पारा चाळिशीला टेकतो आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे सगळा देशच सुट्टीवर असतो. मेरीमातेचा सण असतो, शहरातले लोक आपापल्या गावी जातात आणि गावातल्या खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. ऑर्थोडॉक्स ईस्टर २०२६मध्ये १२ एप्रिलला आहे, २०२७मध्ये २ मेला. त्या चार दिवसांत गाव बघण्यासारखं असतं. शनिवारी मध्यरात्री चर्चबाहेर होळी पेटते. पण दुकानं, संग्रहालयं बंद आणि बस तुरळक, याची तयारी ठेवून जा.

व्हिसा आणि तिकीट

सायप्रस २००४पासून युरोपीय संघात आहे, चलन २००८पासून युरो. हे लिहिताना मात्र तो शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, म्हणजे भारतीय पासपोर्टवर त्याचा स्वतःचा व्हिसा लागतो. एक सवलत आहे. तुमच्याकडे दोन किंवा अनेक प्रवेशांचा वैध शेंगेन व्हिसा असेल आणि त्यावर एकदा शेंगेन देशात जाऊन झालं असेल, तर त्याच व्हिसावर सायप्रसला जाता येतं. इथले दिवस शेंगेनच्या ९० दिवसांत धरले जात नाहीत. लोक चुकतात ते एका प्रवेशाच्या व्हिसावर: इटलीला जाऊन आले, व्हिसा वापरून संपला, आणि तोच दाखवून लार्नाकाच्या विमानात बसायला निघाले. विमान कंपनी मुंबईतच अडवते. सायप्रसची शेंगेनमध्ये जायची तयारी चालू आहे, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दिल्लीतल्या सायप्रस उच्चायुक्तालयाच्या संकेतस्थळावर ताजा नियम वाचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा. राहण्याची बुकिंगं, परतीचं तिकीट, प्रवास विमा आणि बँकेचं विवरण छापील स्वरूपात सोबत ठेवा. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारलं की फोनमध्ये शोधत बसण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं.

मुंबईहून दुबई, अबू धाबी, दोहा किंवा बहरीनमार्गे लार्नाका हा सरळ रस्ता. युरोपातल्या विमानतळावरून गेलात तर तिथल्या ट्रान्झिट व्हिसाचा प्रश्न येऊ शकतो, आखातातून तो येत नाही.

तिकिटाच्या शोधात एक मोठा खड्डा आहे. ‘निकोसिया’ असं टाइप केलं की काही संकेतस्थळं एर्जान विमानतळाची स्वस्त तिकिटं दाखवतात. एर्जान बेटाच्या उत्तर भागात आहे. १९७४पासून तो भाग तुर्की सैन्याच्या ताब्यात आहे आणि तिथली सगळी विमानं तुर्कस्तानमार्गे येतात. सायप्रस प्रजासत्ताक एर्जानला प्रवेशाचं कायदेशीर ठिकाण मानत नाही. तिथे उतरून दक्षिणेत जायला निघालात तर व्हिसा हातात असूनही अडकाल. तिकिटावर लार्नाका किंवा पाफोस हेच नाव हवं. खुद्द निकोसियाचा जुना विमानतळ १९७४पासून बंद आहे.

सात रात्रींची मांडणी

पहिल्या दोन रात्री लार्नाका. विमानतळ शहरापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे, ४२५ क्रमांकाची बस फिनिकूदेसच्या किनाऱ्यापर्यंत सोडते. पहिला दिवस थकवा काढण्यात जाऊ द्या: किनाऱ्यावर पाय मोकळे करा, सेंट लाझारसचं चर्च बघा, संध्याकाळी खाऱ्या तळ्याकाठच्या हाला सुलतान तेक्के मशिदीकडे जा. हिवाळ्यात त्या तळ्यात रोहित पक्षी उतरतात, उन्हाळ्यात तिथे मिठाचा पांढरा थर उरतो. दुसरा दिवस पूर्वेकडच्या किनाऱ्यांना द्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाड्याची गाडी घ्या आणि पश्चिमेकडे निघा. वाटेत महामार्गालगत खिरोकितिया लागतं. ही नवाश्मयुगातली वस्ती, १९९८पासून जागतिक वारशाच्या यादीत. टेकडीवर चढ आहे आणि सावली नाही, म्हणून दहाच्या आत उरका. तिथून लेफ्कारा हे गाव जवळच. दुपारचं जेवण लेफ्काऱ्यात करून संध्याकाळी मुक्कामाच्या गावी पोचा. तीन रात्री तिथेच.

सहाव्या दिवशी डोंगर उतरून कुरियोनचं प्राचीन नाट्यगृह, मग पेत्रा तू रोमिऊ करत पाफोसला या आणि शेवटच्या दोन रात्री तिथे काढा. परतीचं विमान लार्नाकाहून भल्या पहाटे असेल तर शेवटची रात्र पाफोसऐवजी लार्नाकाला घ्या. १३० किलोमीटर अंधारात हाकून विमान गाठण्यात काही मजा नाही.

गाडी की बस

रेल्वे नाही. शहरं एकमेकांना हिरव्या आंतरशहरी बसने जोडलेली आहेत आणि किनाऱ्यालगतच्या स्थानिक बसही बऱ्या: लार्नाका विमानतळ ते आया नापा ७११, आया नापा-प्रोतारास फेरीसाठी १०१ आणि १०२, पाफोस बंदर ते कोरल बे ६१५. समुद्रापुरती बस पुरते.

गावांसाठी ती पुरत नाही, आणि त्याचं कारण वेळापत्रकात आहे. डोंगरातल्या बस गावकऱ्यांसाठी धावतात. पहाटे गावातून शहरात, दुपारनंतर शहरातून गावात. पर्यटकाला नेमकं उलट हवं असतं. बसने गावात पोचलात तर परतीची बस दुसऱ्या दिवशी सकाळी, असं सर्रास होतं. म्हणून गावाच्या तीन दिवसांसाठी तरी गाडी घ्या.

गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवतात, ब्रिटिश अमलाची ती देणगी. त्यामुळे युरोपात गाडी चालवायची भीती असेल तर सुरुवातीला यापेक्षा सोपा देश सापडणार नाही. निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. अर्ज नमुना ४ए, सोबत पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, मुदत एक वर्ष. मूळ परवानाही बरोबर हवा.

काउंटरवर घोळ होतो तो डिपॉझिटचा. कंपनी चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर काही शे युरो रोखून धरते. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, नवऱ्याचं कार्ड आणि बायको चालक हेही चालत नाही. कार्डाचे परदेशी व्यवहार भारतातून निघण्याआधी चालू करून घ्या. विमा वाचताना तीन गोष्टी विचारा: अपघात झाला तर आपल्या खिशातून किती, टायर-काच-गाडीचा तळ धरला आहे का, आणि कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर साध्या गाडीसाठी जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं. इंधनाचा करारही बघा. ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ हा आपल्या सोयीचा. ‘भरलेली घ्या, रिकामी द्या’ यात आगाऊ पूर्ण टाकीचे पैसे जातात आणि एवढ्याशा बेटावर टाकी संपतच नाही. ताबा घेताना चारही बाजूंनी आणि चाकांच्या रिमचा व्हिडिओ काढून ठेवा.

वेगमर्यादा महामार्गावर ताशी १००, किमान वेग ६५, बाहेरच्या रस्त्यांवर ८०, वस्तीत ५०. टोल नाही. कॅमेरे आहेत, आणि दंड कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येतो, वर तिचं हाताळणी शुल्क. गोल चौकात आधीपासून फिरत असलेल्याला, म्हणजे उजवीकडून येणाऱ्याला, रस्ता द्यायचा. पुण्या-मुंबईची सवय इथे महागात पडते. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट लाल असते, त्यामुळे स्थानिक चालक थोडं सांभाळून घेतात. संध्याकाळी पाफोसच्या दिशेने गाडी नेऊ नका, मावळता सूर्य थेट डोळ्यांत येतो. डोंगरात पेट्रोल पंप कमी. रविवारी आणि रात्री ते यंत्रावर चालतात: आधी नोट किंवा कार्ड, मग पंप क्रमांक, मग इंधन. यंत्र सुटे परत देत नाही, तेव्हा वीस युरोची नोट घालताना टाकीत तेवढी जागा आहे ना ते बघा.

किनारे, आणि कोणता कशासाठी

कोकणात वाढलेल्यांना पहिल्यांदा जाणवेल ते म्हणजे भरती-ओहोटी जवळजवळ नाही. सकाळी टॉवेल ठेवला तिथेच संध्याकाळीही पाणी असतं. लाटा भरतीने येत नाहीत, वाऱ्याने येतात, आणि वारा बहुतेक पश्चिमेकडून, दुपारनंतर वाढत जाणारा. म्हणून पाफोसच्या बाजूला पोहणं सकाळी उरकावं. पूर्वेकडे तोंड केलेला प्रोतारासचा किनारा त्याच वेळी तळ्यासारखा शांत असतो.

लहान मुलं असतील, किंवा पोहता येत नसेल, तर प्रोतारासचा फिग ट्री बे. बारीक वाळू, लांबवर उथळ. जवळचा कोन्नोस लहान आणि देखणा, पण वाहनतळ टेकडीवर आणि खाली उतरायला चढउताराची वाट. आया नापाच्या निस्सी किनाऱ्याचं पाणी फोटोत दिसतं तसंच आहे, गर्दी फोटोत दिसत नाही. नऊच्या आधी जा. लिमासोलची वाळू करडी असते, अस्वच्छ नसते. त्या शहराच्या पूर्वेला गव्हर्नर्स बीचवर काळसर वाळूशेजारी पांढरे खडूचे कडे आहेत, तिथे गर्दी कमी.

पेत्रा तू रोमिऊ म्हणजे ग्रीक प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइट समुद्रातून वर आली तो खडक. जागा बघायला उत्तम, पोहायला अवघड. सगळे गोटे आहेत, प्रवाह ओढतो. जुन्या किनारी रस्त्यावर वाहनतळ आहे आणि रस्त्याखालच्या बोगद्यातून किनाऱ्यावर जाता येतं. रस्ता ओलांडू नका, वळणावर गाड्या वेगात येतात. खडकावर चढू नका. सूर्यास्ताच्या आधीचा तास तिथला सर्वांत चांगला.

लारा किनारा आणि अकामास द्वीपकल्पातलं ब्लू लगून दोन्ही कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहेत. साध्या भाड्याच्या गाडीने जाणं म्हणजे विम्याबाहेर जाणं. ब्लू लगूनला लात्ची बंदरावरून बोटीने जा. लाराला समुद्री कासवं अंडी घालतात, ती जपण्याचं काम आपल्या कोकणातल्या वेळासच्या लोकांना नवं नाही. लारावर हंगामात वाळूत छत्री रोवणं, रात्री थांबणं, दिवे लावणं मना आहे, कारण छत्रीचा दांडा थेट अंड्यांत शिरू शकतो.

सगळे किनारे सार्वजनिक आहेत. आपला टॉवेल टाकून फुकट बसता येतं. पालिकेच्या खाटा आणि छत्र्या भाड्याने मिळतात, दर फलकावर असतो आणि प्रत्येक वस्तूचा वेगळा. दोन खाटा आणि एक छत्री म्हणजे तिप्पट, हे बसण्याआधी मोजा. पावती जपून ठेवा, जेवून परत आल्यावर तीच चालते. जीवरक्षक हंगामातच आणि दिवसाच असतात. लाल झेंडा म्हणजे पाण्यात जायचं नाही, पाणी कितीही शांत दिसलं तरी. खडकाळ जागी रबरी बूट घाला, समुद्री अर्चिनचा काटा पायात मोडला की दोन दिवस चालण्यात जातात. ओढणी, साडी किंवा जीन्स घालून खोल पाण्यात जाऊ नका. अंगभर पोहण्याचे पोशाख सगळीकडे मिळतात आणि कुणी बघतही नाही.

गावातल्या तीन रात्री

गाव निवडताना तीन पट्टे डोळ्यांसमोर ठेवा. कालावासोस आणि तोख्नी महामार्गाला लागून आहेत, समुद्र दहा-पंधरा मिनिटांवर. घाटाची वळणं सोसत नसतील, सोबत ज्येष्ठ असतील, तर हे बरे. लिमासोलच्या वरच्या अंगाला द्राक्षांची गावं: लोफू, वूनी, ओमोदोस, लानिया. चुनखडीच्या दगडाची घरं, अंगणात द्राक्षाचा मांडव. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच पट्ट्यात राहावं, असं आमचं मत. तिसरा पट्टा ट्रूडोस पर्वताच्या उत्तर उतारावरचा: काकोपेत्रिया, कालोपानायोटिस. वाहता ओढा, झाडी, लाकडी सज्ज्यांची घरं. ऑगस्टमध्येच जावं लागत असेल तर इथे, रात्री हवा खरोखर गार असते.

ओमोदोस सर्वांत प्रसिद्ध. दुपारी तिथला दगडी चौक सहलींनी भरतो, साडेचारनंतर मात्र बस निघून जातात आणि चौक पुन्हा गावाचा होतो. म्हातारे कॅफेनियोमध्ये, म्हणजे गावच्या कॉफीच्या दुकानात, सारीपाटासारखा तावली खेळायला बसतात, तीमिओस स्तावरोस मठाचं अंगण रिकामं होतं. त्या वेळेसाठीच गावात राहायचं. लोफू यापेक्षा शांत आहे, इतकं की रात्री जेवायची सोय आधी विचारून घ्यावी लागते.

खोली बुक करताना ‘अ‍ॅग्रोटुरिझम’ किंवा ‘पारंपरिक घर’ असा शोध घ्या. ही जुनी दगडी घरं डागडुजी करून दिलेली असतात, बहुतेकांत छोटं स्वयंपाकघर असतं, म्हणजे चहा आणि मुगाची खिचडी दोन्ही जमतं. मालकाला तीन प्रश्न विचारा: गाडी घरापासून किती लांब लावायची, आत किती पायऱ्या आहेत, आणि हीटर किंवा एसी वेगळ्या पैशांत आहे का.

पोचायचं उजेडात. नकाशाचं अ‍ॅप गाडीला घराच्या दारापर्यंत न्यायचा प्रयत्न करतं आणि गल्ली मध्येच खांद्याएवढी होते. मग उलट्या गियरमध्ये शंभर मीटर, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. गावाच्या तोंडाशी वाहनतळ दिसला की तिथेच गाडी लावा, बॅगा ओढत चला, चाकांची मोठी बॅग दगडी फरशीवर रडवते. गाडीही लहानच घ्या.

घरात शिरल्यावर दोन गोष्टी. छपरावर सौर बंब असतो, ऊन असेल तर पाणी उकळतं येतं. ढगाळ दिवशी किंवा पहाटे भिंतीवरचं बॉयलरचं बटण अर्धा तास आधी दाबून ठेवावं लागतं आणि नंतर बंद करावं लागतं. आणि शौचालयातला कागद भांड्यात न टाकता शेजारच्या झाकणाच्या डब्यात टाकायचा. जुन्या नळ्या अरुंद आहेत, तुंबल्या की प्लंबर शहरातून येईपर्यंत दिवस जातो. जेट स्प्रे नसतो, एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका.

गावातले दिवस असे आखा: सकाळी सात ते अकरा बाहेर, बारा ते चार घरात किंवा मांडवाखाली, पाचनंतर पुन्हा बाहेर. दुपारी दोन ते चार शांततेची वेळ असते, तेव्हा कुणाचं दार वाजवू नये. चौकातल्या दुकानातून पाणी, दूध, पाव संध्याकाळच्या आत घ्या. रविवारी दुकान उघडेल असं धरून चालू नका.

एक सकाळ चित्रांकित चर्चना द्या. ट्रूडोसमधली नऊ चर्च १९८५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आली, दहावं २००१मध्ये. बाहेरून ती कौलारू गोठ्यांसारखी दिसतात, कारण बर्फापासून वाचवायला वर उतरतं लाकडी छप्पर चढवलेलं आहे. आत भिंतभर चित्रं. काकोपेत्रियाजवळचं आयोस निकोलाओस तिस स्तेयिस आणि निकितारी गावाजवळचं आसिनू, ही दोन बघितली तरी पोट भरतं. आसिनूमधली सर्वांत जुनी चित्रं बाराव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. काही चर्चची किल्ली पुजाऱ्याकडे किंवा राखणदाराकडे असते. दार बंद दिसलं तर कॅफेनियोमध्ये विचारायचं, तिथून फोन जातो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आत फोटो काढायला मनाई. पेटीत दोन-तीन युरो टाकावेत.

लेफ्कारा लेससाठी ओळखलं जातं. तिथली लेफ्कारितिका ही लिननच्या कापडावरची कलाकुसर २००९मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गल्लीत खुर्ची टाकून विणणाऱ्या बायका ‘या, बघून जा’ म्हणतात, ते निमंत्रण विक्रीचंच असतं, त्यात वाईट काही नाही. पण दुकानात हातकामाशेजारी आयात केलेली यंत्राची लेसही टांगलेली असते. ओळखायला कापड उलटं करा. हातकाम दोन्ही बाजूंनी जवळपास सारखं दिसतं, गाठी आणि मोकळे धागे दिसत नाहीत, टाके किंचित कमीजास्त असतात. यंत्राचं काम मागून खरबरीत आणि पुढून फार नेटकं. किंमतही सांगते: पूर्ण मेजपोस तीस युरोला मिळत असेल तर तो हाताचा नाही. छोटा रुमाल घ्या आणि खरा घ्या.

द्राक्षांच्या पट्ट्यात वाइन चाखायला बोलावतात. कमांदारिया ही उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, तिथलीच. चालकाने चाखू नये: पुढचा रस्ता सगळा वळणांचा, आणि तपासणी होते.

जेवण, विशेषतः शाकाहारी मंडळींचं

तिथल्या तावेर्नामध्ये, म्हणजे खाणावळीत, ‘मेझे’ मागवला की एकामागून एक वीस-पंचवीस बशा येतात. किमान दोन माणसांसाठी, साधारण माणशी वीस ते तीस युरो. पहिल्या चार बशांवर पावाने पोट भरू नका, मुख्य पदार्थ शेवटी येतात. घाई करू नका, दोन तास धरा.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, मासा त्यात चालतो अशी अनेकांची समजूत असते. ‘होरीस क्रेआस, होरीस प्सारी’ म्हणजे मांसाशिवाय, माशाशिवाय. अंडंही नको असेल तर ‘होरीस अवगो’. याहून कामाचा शब्द ‘नीस्तीसिमो’, म्हणजे उपासाला चालणारं. ऑर्थोडॉक्स उपासात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य असतं, त्यामुळे हा शब्द ऐकला की स्वयंपाकघराला नेमकं कळतं. फक्त कोळंबी आणि माकूळ त्यांच्या उपासाला चालतात, तेवढं वेगळं सांगा. ईस्टरच्या आधीचे चाळीस-पन्नास दिवस शाकाहारी माणसासाठी म्हणूनच सर्वांत सोयीचे.

मागायचे पदार्थ: लूवी म्हणजे चवळी, पालेभाजी किंवा दुधी-झुकिनीबरोबर उकडलेली, वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. फाकेस म्हणजे मसूर. पुर्गूरी म्हणजे टोमॅटोत शिजवलेला गव्हाचा दलिया. कोलोकासी म्हणजे आपल्या अळकुड्यांचा थोरला भाऊ, सोतिरा गावचा नावाजलेला. तो टोमॅटो आणि सेलरीत शिजतो, पण बहुधा डुकराच्या मांसाबरोबर, विचारून घ्या. कुपेपिया हे द्राक्षाच्या पानांचे गुंडाळे साधारणपणे खिम्याचे असतात. अवगोलेमोनो सूप फिकट पिवळं दिसतं, त्यात कोंबडीचं पाणी आणि अंडं असतं. हलूमी हे भाजलं तरी न वितळणारं चीज सगळ्यांना आवडतं, पण पारंपरिक हलूमीत वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध साकळवून चीज बनवणारं द्रव्य) वापरतात. कडक शाकाहारींनी वेष्टनावर वनस्पतीज किंवा सूक्ष्मजीवी रेनेट लिहिलंय का ते बघावं.

कॉफी तीन प्रकारे सांगतात: स्केतो बिनसाखरेची, मेत्रियो मध्यम, ग्लिको गोड. तळाशी गाळ असतो, तो प्यायचा नाही. दक्षिणेतल्या गावात तिला तुर्की कॉफी म्हणू नका, सायप्रस कॉफी म्हणा.

उत्तरेकडे डोकावायचं असेल तर

निकोसियाच्या लेद्रा रस्त्यावर २००८पासून पायी जायची चौकी आहे. पासपोर्ट दोन्हीकडे दाखवावा लागतो. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणं सोपं आहे. भाड्याची गाडी मात्र नेऊ नका. दक्षिणेतला विमा तिकडे लागू नसतो, वेगळा घ्यावा लागतो आणि बऱ्याच कंपन्या परवानगीच देत नाहीत. हरितरेषेवरच्या, म्हणजे उत्तर आणि दक्षिण भागांना विभागणाऱ्या पट्ट्यातल्या, चौक्या, सैनिक, काटेरी तार यांचे फोटो काढायचे नाहीत. हाच नियम अक्रोतिरी आणि ढेकेलिया या ब्रिटिश तळांनाही, आणि तिथून रस्ता जाताना तळ सुरू झाल्याचं लक्षातही येत नाही.

बॅगेत आणि खिशात

प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे. आपल्या गोल पिना बसत नाहीत, अ‍ॅडाप्टर मुंबईतच घ्या. वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन तास मागे. आणीबाणीला ११२. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, गावात शंभरेक युरो सुट्ट्या नोटांत ठेवा, पन्नासची नोट कॅफेनियोला जड जाते. पाफोसच्या प्राचीन मोझेइकांसाठी (रंगीत दगडांच्या तुकड्यांची जमिनीवरची चित्रं) आणि कुरियोनसाठी तिकीट प्रत्येकी साडेचार युरो, खिरोकितियासाठी अडीच. तिन्हीकडे जाणार असाल तर टोपी, पाणी आणि बंद बूट, कारण उन्हात दगड तापतात आणि सावली विकत मिळत नाही.

गाडी परत करताना विमानतळाच्या आधीचा शेवटचा पंप नकाशावर आदल्या रात्रीच शोधून ठेवा, टाकी भरल्याची पावती घ्या आणि डॅशबोर्डवरच्या काट्याचा फोटो काढा. काउंटर पहाटे बंद असेल तर किल्ली पेटीत टाकायची असते. तेव्हा गाडीचा व्हिडिओ पुन्हा एकदा काढा, उजेड नसेल तर फोनचा दिवा लावून. डिपॉझिटची रक्कम मोकळी व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर कार्डाची मर्यादा तेवढी कमी राहील हे धरून परतीची खरेदी करा. हलूमी घेतलंच असेल तर ते चेक-इनच्या बॅगेत.